राहिलेलं पाचवं वर्ष

रूपलीबाई आमच्या मिशनच्या दवाखान्यात झाडलोट करायची. ती आणि तिचा नवरा खात्या, दोघं सातपुड्यातल्या काठी गावाकडच्या डोंगरातून शहाद्याजवळ उतरून आली होती. १९३७ च्या नाताळात दोघांचा बाप्तिस्मा झाला. त्यांची मुलगी दिवली माझ्या मुलाएवढी, पाच वर्षांची.

दिवली तान्ही असताना मरणाला टेकली होती. तेव्हा खात्याने नवस बोलला होता, पाच होळ्या बुवा होऊन नाचेन. अंगाला राख फासायची, कमरेला भोपळे बांधायचे, डोक्यावर मोरपिसांची टोपी आणि पाच दिवस खाटेवर न झोपण्याचं कडक पथ्य. चार होळ्या झाल्या, पाचवीच्या आधी बाप्तिस्मा झाला. आणि होळीला आठवडा उरला असताना दिवलीला ताप भरला. क्विनाईन देऊनही उतरेना.

खात्या नवस फेडायला काठीला निघाला. चर्चच्या पाळकांची बायको वत्सलाबाई दारातच म्हणाली, "रविवारी प्रभुभोजन आणि सोमवारी भोपळे का रे?"

खात्या हसला. "तुमना प्रभूनी चाळीस दिन उपास करा, बाई. मी ते पाचच दिन खाटवर झोपसू नही."

"गेलास तर मंडळीतून नाव जाईल."

तो माझ्याकडे बघू लागला. मी बी.ए. झालेली, रूपलीबाईला वाचायला मीच शिकवलेलं. तिने बायबलातल्या शास्ते पुस्तकाचा अकरावा अध्याय उघडला.

"इफ्ताहनी नवस फेडा. देवना पुस्तकमा शे. मंग आमनाच का बरं फेडाना नही?"

उत्तर माझ्या जिभेवर तयारच होतं. "फेडला म्हणून काय झालं, वाच. घरातून पहिलं बाहेर येईल त्याचा बळी बोलला, आणि एकुलती एक मुलगी बाहेर आली, तीच गेली. देवाशी असा सौदा करू नये, हेच तो अध्याय सांगतो."

रूपलीबाईने नवऱ्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. माझ्या शब्दावर तो थांबला.

होळीनंतर तिसऱ्या दिवशी दिवली गेली. मिशनच्या दफनभूमीत पाळकांनी याईराच्या मुलीचा उतारा वाचला. येशूने त्या मेलेल्या मुलीचा हात धरला आणि ती उठली. मी मान वर केली नाही. माझा मुलगा माझ्या पदराला धरून उभा होता. त्याचं कपाळ गरम तर नाही ना, हे मी तिथेही चाचपून पाहत होते.

परतताना रूपलीबाई हळूच म्हणाली, "त्या इफ्ताहनी नवस फेडा, तरी पोर गयी. आमी नही फेडा, तरी पोर गयी. मंग त्या अध्यायमा काय शे, बाई?"

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तिला खरंच विचारायचं होतं.

पुढच्या होळीला खात्या कोणाला न विचारता काठीला गेला. मेलेल्या पोरीच्या नवसाचं पाचवं वर्ष नाचून आला. रविवारी पाळकांनी सगळ्यांसमोर मंडळीच्या वहीतून त्याचं नाव खोडलं. रूपलीबाई बायकांच्या रांगेत बसली होती. सगळे "आमेन" म्हणाले, तीही म्हणाली.

त्या दुपारी मी तिला वाचायला बोलावलं. ती आली, पुस्तक मांडीवर घेतलं, पण उघडलं नाही. बायबल माझ्या हाती देऊन ती उठली आणि दवाखाना झाडायला गेली.