नलूला साइट मिळाली नाही

आठवीच्या वर्गावर मी गणित शिकवत होते, तेव्हा नलूच्या कचेरीतला शिपाई दारात येऊन उभा राहिला. "बाई, आमच्या मॅडम गेल्या," एवढंच म्हणाला. तिला कावीळ झाल्याचं मला ठाऊक होतं, पण काविळीने बत्तिसाव्या वर्षी माणूस जातं हे डोक्यात शिरायला वेळ लागला. त्याला आता दोन महिने होत आले. मध्यंतरी कचेरीत शोकसभा झाली. मोठे साहेब म्हणाले, "आमच्या खात्याची शान होत्या त्या." शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत म्हणून वाजल्या नाहीत, इतकंच. ज्यांनी तिला आठ वर्षं खुर्चीला बांधून ठेवलं त्यांच्याच तोंडून तिचं कौतुक ऐकताना माझं डोकं फिरलं होतं, आणि ते अजून ताळ्यावर आलेलं नाही.

नलिनी माझी शाळेपासूनची मैत्रीण. वडील प्राथमिक शिक्षक, घर रत्नागिरीपासून एस.टी.ने तासाभरावरच्या गावात. गाव आणि शाळा यांच्या मधे पऱ्या. पावसाळ्यात त्या ओढ्याला पाणी चढलं की पलीकडच्या वाडीची मुलं घरी बसायची, आणि नलूची दोन वर्षं त्यातच बुडता बुडता वाचली. "मी पूल बांधणार," असं ती पाचवीत असताना म्हणायची, तेव्हा सगळे हसायचे. बारावीला मार्क पडल्यावर कोणी हसलं नाही. घाटावरच्या कॉलेजात सिव्हिलला गेली, अख्ख्या वर्गात एकटी मुलगी. पहिल्या वर्गात पदवी घेऊन आली तेव्हा गावाने देवळात शाल-नारळ देऊन सत्कार केला. पदवी मिळाली, आता पूल बांधायचा... तिला ते इतकं सरळ वाटत होतं.

ऐंशी सालाच्या आसपास ती सरकारच्या बांधकाम खात्यात नोकरीला लागली आणि पहिल्याच दिवशी तिला ड्रॉइंग ब्रँचमध्ये बसवलं. कोणी वाईट वागलं असं नाही. वाईट वागले असते तर भांडता तरी आलं असतं. "मॅडम, तुम्ही डिग्रीवाल्या, तुमचं डोकं डिझाइनला लागतं. उन्हातान्हात कशाला?" साहेब अगदी मायेने म्हणाले. तिने साइट मागितली की कधी जीप नसायची, कधी मुक्कामाला बायकामाणसाची सोय नसायची. तिच्या मागून, तिच्याच कॉलेजातून पाटकर नावाचा मुलगा आला. तीच पदवी, तेच प्राध्यापक, मार्क हिच्याहून कमी. त्याला महिन्याच्या आत साइट मिळाली. एकाच पदवीच्या कागदावर दोघांसाठी वेगवेगळं काही छापलं होतं की काय कोण जाणे.

एकदा, तिने डिझाइन केलेल्या एका लहान पुलाचा स्लॅब घालायचा होता. रविवार होता, म्हणून ती मला घेऊन स्वतःच्या पैशाने एस.टी.ने गेली. कंत्राटदाराने आम्हाला काजूच्या सावलीत खुर्च्या दिल्या, चहा दिला. मग पूजा झाली आणि नारळ फोडायची वेळ आली. आपल्याकडे बायका नारळ फोडत नाहीत. कंत्राटदार हातातला नारळ घेऊन नलूला वळसा घालून गेला आणि तो साइट सांभाळणाऱ्या पाटकरच्या हातात दिला. पाटकरने फोडला. त्या स्लॅबवर दिवसभर काँक्रीटची घमेली वाहणाऱ्या सगळ्या बायकाच होत्या, उन्हात, काहींची पोरं झाडाला झोळीत टांगलेली. साइटवर बायकामाणसाची सोय नाही म्हणतात ती अशी. त्यांतली एक पाणी प्यायला आमच्याकडे आली आणि नलूला म्हणाली, "बाय, तुमी सायबांच्या कोन वो?" नलू म्हणाली, "कोणी नाही." परतताना एस.टी.त मी पुष्कळ बडबडले, कंत्राटदाराच्या सात पिढ्या उद्धारल्या. ती फक्त म्हणाली, "स्लॅब चांगला झाला गो."

मग बढतीची वेळ आली. पदवीवाल्यांना ती लवकर मिळते, त्या बाबतीत पदवीने आपलं काम चोख केलं. नलूचं नाव पुढे गेलं आणि परत आलं. कारण काय, तर प्रत्यक्ष साइटचा अनुभव नाही! पाटकर तिचा साहेब झाला. तो सरळ माणूस, त्याला स्वतःलाच ओशाळं वाटायचं, पण ओशाळं वाटून कोणाला साइट मिळत नाही. त्यानंतरही ती वेळेवर कचेरीत जात राहिली. मला याचाच राग यायचा, आणि आता ती नाही तर जास्तच येतो.

गेल्या आठवड्यात तिच्या घरी गेले. ऑक्टोबरचं ऊन कडक पडलं होतं आणि नलूचा घरचा ड्रॉइंग बोर्ड पडवीत आडवा टाकून तिच्या आईने त्यावर पापड वाळत घातले होते. एवढी सपाट फळी दुसरी नाही घरात, म्हणाल्या. तेवढ्यात वाडीतले एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. पोर हुशार, बारावीला आहे, नलूताईसारखी इंजिनिअर करावी म्हणतो, तुमचं काय मत? नलूचे वडील उठून परसात निघून गेले. आईने एकेक पापड उचलला, बोर्ड पदराने पुसला आणि त्या मुलीपुढे धरला.

"घेऊन जा हो. पण नोकरीत गेल्यावर साइट मागून घे. नाय दिली तर बोंब मार. आमची अर्जच करीत बसली. बोंब मारलीन नाही कधी."

मुलीने बोर्डावर हात ठेवला. तिच्या वडिलांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "मग काकी, बँकेची परीक्षाच देऊंदे तिला. शेवटी खुर्चीतच बसायचं, तर बँक काय वाईट?"

पायरी उतरून त्यांनी हाक मारली तेव्हा मुलीने हात काढून घेतला. ती दोघं गेल्यावर आईंनी बोर्ड पुन्हा उन्हात आडवा टाकला, आणि आम्ही दोघी पापड पसरायला बसलो.