फुलीच्या जागी सही

मला लग्न करायचं होतं आणि त्यासाठी माझं आधीचं लग्न मोडलेलं आहे, एवढं सिद्ध करायचं होतं. जर्मनीतल्या ज्या लहानशा शहरात मी नोकरी करते, तिथल्या विवाह नोंदणीच्या बाईनं यादी दिली. जन्माचा दाखला, पहिल्या लग्नाचा दाखला, घटस्फोटाचा कोर्टाचा हुकूमनामा. ज्याच्याशी लग्न ठरलं होतं त्यानं ती यादी फ्रीजवर चिकटवली, आणि कागद मिळेल तशी एकेका ओळीपुढं खूण करत गेला. तिसऱ्या ओळीपुढं खूण होईना.

मी अप्पांना फोन केला. अप्पा म्हणजे माझे वडील. जळकोटच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, पण पंचक्रोशीत त्यांची ओळख 'पत्रकवाले गुरुजी' अशी. हुकूमनामा पाठवतो म्हणाले. दोन महिने पाठवतोच म्हणत राहिले. मग एके दिवशी मोबाईलवर एका स्टँपपेपरचा फोटो आला. वर 'राजीखुशीची फारकत', खाली पाच पंचांची नावं, नोटरीचा गोल शिक्का आणि माझी सही.

मी म्हटलं, अप्पा, हा नाही, कोर्टाचा पाठवा.

"हाच दाखव की," अप्पा म्हणाले. "त्यांना कुठं मराठी वाचायला येतंय?"

मी तिकीट काढलं.

मी मुळाक्षरं पुस्तकापेक्षा पत्रकांवरच जास्त गिरवली. तुळजापूरच्या छापखान्यातून गुलाबी कागदाचे गठ्ठे यायचे. मी आणि आई जमिनीवर बसून त्यांच्या तीन घड्या घालायचो आणि रविवारी बाजारात वाटायचो. हुंड्यावर, बालविवाहावर, जातपंचायतीवर. एक पत्रक मला अजून तोंडपाठ आहे, कारण ते मी सातवीत असताना शाळेच्या स्टेजवर वाचलं होतं. पंचांनी काडी मोडली म्हणजे लग्न मोडत नाही. स्टँपपेपर म्हणजे कोर्ट नव्हे. बहिणींनो, वाचल्याशिवाय सही करू नका. खाली अप्पांचं नाव.

माझं लग्न सास्तूरच्या एका घरात झालं होतं. वर्षभरात मी परत आले. का आले ते अप्पांना सांगितलं होतं आणि त्यांनी एकही उलटा प्रश्न विचारला नव्हता, हे आजही खरं आहे. मग एका सकाळी, मी भाकरी थापत असताना, ते कागद घेऊन आले. तीन ठिकाणी पेन्सिलीनं फुली केलेली.

"कोर्टाचे आहेत," ते म्हणाले. "फुलीच्या जागी सही कर."

मी हाताचं पीठ पुसलं आणि सही केली. वाचलं नाही. दुसऱ्या कुणी आणले असते तर शेवटच्या ओळीपर्यंत वाचले असते. काही महिन्यांनी ते म्हणाले, कोर्टाचं झालं, सुटलीस तू. मी पुण्याला गेले, तिथून पुढं जर्मनीला. तिथल्या प्रत्येक अर्जात 'घटस्फोटित' या चौकोनात मी ठामपणे खूण करत आले.

धाराशिवला कोर्टाच्या नक्कल विभागात मी दोन्ही नावं आणि लग्नाचं वर्ष सांगितलं. कारकुनानं मन लावून शोधलं. संगणकात पाहिलं, मग जुनी रजिस्टरं काढली, मागचीपुढची वर्षं पाहिली. शेवटी चष्मा काढून म्हणाला, "ताई, असं प्रकरणच दाखल न्हाय. तुमाला नक्की कुणी सांगितलं?"

कुणी सांगितलं ते मी त्याला सांगितलं नाही. अप्पा बाहेर बाकावर बसले होते. मला बाहेर येताना पाहून ते उठले नाहीत. मी विचारायच्या आधीच तेच बोलायला लागले. म्हणाले, कोर्टात अर्ज केला असता तर तुझ्याबरोबर सासरी काय काय झालं ते सगळं लिहून द्यावं लागलं असतं. ते चार माणसांसमोर वाचलं गेलं असतं. गुरुजींची पोर म्हणून आणखी मोठ्यानं वाचलं गेलं असतं. सास्तूरवाले पंचांत बसायला तयार होते. मीही बसलो.

"काडी कुणी मोडली?" मी विचारलं.

"माझ्याच हातात दिली त्यांनी. मुद्दाम. एक पंच म्हणाला, गुरुजी, ह्याच्यावर पण एक पत्रक काढा."

मला त्यांची कीव आली, आणि त्या कीवेचाच जास्त राग आला. पंचांपुढं ते हरले, ते मी समजू शकते. पण घरी येऊन त्यांनी मला जिंकल्याचं सांगितलं. ज्या एका माणसाच्या कागदावर मी डोळे मिटून सही करायचे, त्यानं माझ्या त्या सवयीचा उपयोग केला.

धाराशिवच्याच एका वकीलबाईंनी मार्ग सांगितला. आपल्या समाजात अशी फारकत पूर्वापार चालते, असं दाखवून कोर्टाकडून ती जाहीर करून घ्यायची. अप्पा साक्षीदार. नवऱ्यानं दुसरं लग्न केलेलं आहे, तोही विरोध करणार नाही. वकीलबाईंनी मसुदा तयार केला. मी वाचायला बसले. चौथ्या परिच्छेदात लिहिलं होतं: 'वादीस सर्व गोष्टींची पूर्ण कल्पना देऊन व तिच्या संमतीने.'

मी म्हटलं, हे खोटं आहे.

वकीलबाई शांतपणे म्हणाल्या, "हे वाक्य काढलं तर फारकत टिकत नाही. मग नव्यानं घटस्फोटाचा अर्ज. जर्मनीतल्या लग्नाची तारीख विसरा."

म्हणजे मी सुटले होते हे सिद्ध करायचं, तर मला फसवलंच नव्हतं असं शपथेवर सांगायचं. अप्पांनी खिशातलं पेन काढून टोपण उघडलं आणि माझ्यापुढं धरलं. "पोरी, एक ओळ आहे," ते म्हणाले.

पेन मी घेतलं. ती ओळ खोडली. वकीलबाईंना नवा अर्ज करायला सांगितलं, आणि अप्पांचं प्रतिज्ञापत्र जसं घडलं तसं लिहायला लावलं: मुलीला कोर्टाचे कागद असल्याचं सांगून मी सह्या घेतल्या. ते छापून आलं तेव्हा मी अप्पांना पूर्ण वाचून दाखवलं. फुली कुठंच केली नाही.

अप्पा म्हणाले, घरी नेऊन एकदा नीट वाचतो. कागदाच्या तीन घड्या घातल्या, नखानं दाबल्या आणि खिशात ठेवला.

जर्मनीतल्या नोंदणीच्या बाईला मी तारीख रद्द करायचा मेल पाठवला. ज्याच्याशी लग्न ठरलंय तो म्हणाला, यादी फ्रीजवरच राहू दे. माझा अर्ज दाखल झाला आहे, त्याला नंबरही मिळाला आहे. मी रोज सकाळी चहाच्या वेळी अप्पांना विचारते, वाचलं का? ते म्हणतात, वाचतोय.

एका पानाचा कागद आहे.