कोंबड्यांची सोयर

वन्सं गेल्याचा फोन आला तेव्हा मी नागपूरला लेकीकडे होते. ह्यांनी आधी "ताई गेली" एवढंच सांगितलं. मी काही बोलायच्या आत पुढचं वाक्य आलं, "मागच्या नळापाशी तिचे ते रबरी बूट पडलेत, टाकून देऊ का? लोक येतील आता." सख्खी मोठी बहीण जाऊन तास झाला नव्हता आणि ह्यांना लाज वाटत होती ती बुटांची. मी म्हटलं, "हात लावू नका." आयुष्यभर ह्या घरात त्या बुटांना कुणी हात लावला नव्हता, तो शेवटच्या दिवशी तरी कशाला लावायचा... रात्रभर प्रवास करून मी झाँशीला पोहोचले, तोवर वन्संना नेऊन झालं होतं. बूट मात्र जागच्या जागी होते. धुतलेले, उलटे करून भिंतीला टेकवलेले. हृदय बंद पडायच्या आदल्या संध्याकाळीही त्या गावाहून येऊन बूट धुवायला विसरल्या नव्हत्या.

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नणंद डॉक्टर उषा, कोंबड्यांच्या डॉक्टर होत्या. हे वाक्य मी लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा कुणी मोठ्याने उच्चारत नसे. पिढ्यानपिढ्या झाँशीत राहिलेलं, पूजापाठ सांगणारं आमचं मराठी घर. पाहुण्यांना सांगताना "सरकारी नोकरीत आहे" इतकंच सांगायचे. ग्वाल्हेरचं एक स्थळ तर जवळजवळ ठरलंच होतं. मुलाची आत्या म्हणाली, गाई-म्हशींचं आम्ही चालवून घेऊ, गोमातेची सेवाच ती, पण कोंबड्या कशाला? स्थळ गेलं. वन्संनी त्यावर एकच उत्तर दिलं होतं म्हणे, "आत्याबाईंना घशाची घरघर आहे, त्यांना तपासायला मात्र मी चालले असते." त्यानंतर स्थळं येणंच थांबलं आणि घरात हायसं वाटलं, असं मला तरी वाटतं.

माझ्या सासूबाईंचं सोवळं कडक. वन्संनी पुढच्या दाराने यायचं नाही. मागच्या अंगणात नळ होता, तिथे बूट काढायचे, कपडे बदलायचे, डोक्यावरून आंघोळ करायची आणि मग घरात पाऊल टाकायचं. जानेवारीत झाँशीत कसली थंडी असते ते इथल्या लोकांना सांगायला नको. मी बादलीभर गरम पाणी नेऊन ठेवायचे. पहिल्यांदा ठेवलं तेव्हा माझे डोळे भरून आले होते, आणि ह्या बाई केस पुसत हसत होत्या. "वहिनी, तू कशाला रडतेस? आई करायला लावते ते माझ्या खात्याने सगळ्यांना करायला लावलं पाहिजे. आजारी कोंबडीपाशी जाऊन आलेल्या माणसाने असंच घरात शिरायचं असतं. फरक इतकाच, की आईला मी विटाळलेली वाटते आणि मला विषाणू दिसतो." सासूबाईंनी शेवटपर्यंत लेकीच्या हातचं पाणी घेतलं नाही. अंथरुणाला खिळल्या तेव्हा औषधाच्या वेळा वन्सं बघायच्या, दारात उभ्या राहून मला सांगायच्या आणि पाणी मी पाजायचे. हे मी मोठेपणा मिळवायला सांगत नाही. वन्संच्या चेहऱ्याकडे मी तेव्हा बघत नसे, कारण बघवत नसे.

त्यांचं काम काय होतं, ते मला हळूहळू कळत गेलं. आपल्याकडे ज्याला मानमोडी म्हणतात, कागदावर राणीखेत, तो कोंबड्यांचा विषाणूचा आजार. पक्षी चोच उघडून श्वास ओढू लागतात, घशात घरघर होते, हिरवट पातळ घाण टाकतात, काहींची मान वळून पाठीला लागते आणि सकाळी अंगणभर मेलेली पडतात. झाँशीच्या आसपासच्या गावांत हा किती पसरलाय आणि कशामुळे पसरतो, हे शोधायचं काम वन्संकडे आलं होतं. स्कूटरच्या पायाशी बर्फाचा डबा ठेवून त्या वस्त्यांवर जायच्या. पंखाखालच्या शिरेतून थेंबभर रक्त, घशातून कापसाच्या काडीने पुसून घेतलेला नमुना, आणि मग बायकांपाशी बसून प्रश्न. नवी कोंबडी कुठून आणलीत? आणल्यावर कुठे ठेवलीत? मेलेली कुठे टाकलीत? व्यापारी आत येतो का? लस दिली होती, ती दुकानातून येताना गार राहिली होती का? प्रश्न साधेच, पण त्या ते इतक्या वेळा आणि इतक्या मायेने विचारायच्या, की बायका अखेर खरं सांगून टाकायच्या.

रामकली त्यातलीच एक. नवरा मजुरीला बाहेरगावी, हिची सगळी भिस्त अंगणातल्या कोंबड्यांवर. वन्संनी तिला आणि तिच्या शेजारणींना समजावलेलं मी स्वतः ऐकलंय, कारण एकदा हट्टाने त्यांच्यामागे स्कूटरवर बसून गेले होते. विलगीकरण वगैरे शब्द त्यांनी काढलेच नाहीत. म्हणाल्या, "जैसे जच्चा को सौर में रखते हो न, वैसे नई मुर्गी को रखो. अलग कोठा, अलग कटोरा. उसके पास से आओ तो हाथ-पैर धोकर. और जिसके घर बीमारी हो, वो सूतक माने, किसी के आँगन में न जाए." सौर म्हणजे बाळंतिणीची वेगळी खोली, आपल्याकडे सोयर पाळतात ती. रामकलीने पदर तोंडावर धरून विचारलं, "तौ का डाक्टरनी जिज्जी, मुरगी के लानें चरुआ भी चढ़ाएँ?" चरुआ म्हणजे बाळंतिणीसाठी औषधी पाणी उकळायचं मडकं. सगळ्या बायका खदखदून हसल्या, वन्संही. पण गोष्ट डोक्यात बसली. ज्या सोवळ्याने आयुष्यभर छळलं, त्यातलं उपयोगाचं तेवढं काढून ह्या बाईने कोंबड्यांना दिलं. त्या वस्तीत पुढे काही वर्षं मानमोडी शिरली नाही.

मग कटकट सुरू झाली. जिथे आजार सगळ्यात जास्त, त्या वस्त्यांमध्ये एक गोष्ट सारखी आढळत होती. तिथे सरकारी योजनेतली पिल्लं वाटली गेली होती. पिल्लं ज्या क्रेटमधून यायची, ते क्रेट ठेकेदार बाजारात आजारी-निरोगी सगळे पक्षी वाहायला वापरायचा आणि न धुता परत गाडीवर चढवायचा. लाभार्थी बायका पिल्लं त्याच दिवशी जुन्या कोंबड्यांत सोडायच्या, कारण त्यांना कुणी दुसरं सांगितलंच नव्हतं. वन्संनी हे भर बैठकीत सांगितलं. खात्याचे साहेब म्हणाले, "मैडम, योजना को बदनाम मत कीजिए." अहवाल छापून आला तेव्हा क्रेटचा उल्लेख गळाला होता आणि कारण म्हणून लिहिलं होतं, ग्रामीण महिलांचं अज्ञान. त्या संध्याकाळी वन्सं नळापाशी बूट घासत बसल्या होत्या. घासून घासून हाताचं कातडं निघालं असतं तरी थांबल्या नसत्या. म्हणाल्या, "माझं नाव गाळलं असतं तरी चाललं असतं गं. पण दोष रामकलीच्या माथी मारला..." पुढे त्यांना गावांतून काढून कचेरीत टेबलाशी बसवलं. निवृत्त होईपर्यंत त्या शिक्के मारत राहिल्या आणि रविवारी स्वतःच्या स्कूटरने, स्वतःच्या पेट्रोलने वस्त्यांवर जात राहिल्या. आमचे हे म्हणायचे, "ताई, अब बस करो, लोक हसतात." लोक कोण, ते ह्यांनी कधी सांगितलं नाही.

अशी माणसं मेल्यावर एकदम सगळ्यांची होतात. तेराव्याला साहेब स्वतः आले. पुढच्या दाराने, बूट न काढता, थेट फोटोपर्यंत. म्हणाले, आम्ही मॅडमच्या स्मरणार्थ काहीतरी करतोय. आमचे हे हरखून गेले. ज्या बहिणीचा व्यवसाय उभा जन्म लपवला, तिच्या नावाचा कार्यक्रम म्हटल्यावर ह्यांनी शेरवानी इस्त्रीला टाकली. कार्यक्रम होता पिल्लंवाटपाचा. वन्संच्या नावाने. रामकलीच्याच वस्तीशेजारच्या मैदानात. मैदान भरलेलं दिसावं, फोटो चांगले यावेत म्हणून बायकांना घरच्या कोंबड्याही घेऊन यायला सांगितलं होतं. चार वस्त्यांच्या कोंबड्या एका मंडपाखाली, टोपल्यांना टोपल्या लागलेल्या. आणि व्यासपीठाशेजारी क्रेटची रास, प्रत्येक क्रेटवर वन्संचा हसरा फोटो चिकटवलेला. फोटोच्या खाली जाळीला जुनी विष्ठा वाळून घट्ट बसली होती. मी साहेबांना विचारलं, "ये क्रेट धुले हैं क्या?" साहेब हात जोडून म्हणाले, "भाभीजी, आज तो शुभ दिन है." ह्यांनी माझ्या हाताला चिमटा काढला. मी तरी पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. तेवढ्यात कुणीतरी माईक सुरू केला आणि दोन मिनिटं मौन पाळायला सांगितलं. माझा प्रश्न त्या मौनात बुडवला गेला.

परवा दुपारी मागच्या कुंपणापलीकडून हाक आली. रामकली होती. कुंपणाच्या बाहेरच उभी, चपला हातात. मी म्हटलं, आत ये, पाणी पी. ती मागे सरकली. "नईं जिज्जी, भीतर नईं आहें. हमाए घरै सूतक है. सब मुरगीं मर गईं, गरदन टेढ़ी हो-हो कें." माझ्या घरात कोंबडी नाही, पिढ्यान्‌पिढ्या नव्हती, तरी ती नियम मोडायला तयार नव्हती. मी विचारलं, अगं, तू तर सगळं पाळायचीस, मग नवी पिल्लं वेगळी का नाही ठेवलीस? 

"पिंजरन पै डाक्टरनी जिज्जी की फोटू लगी हती," ती म्हणाली. "हमने सोची, जे तौ जिज्जी के घर की आँय. इनकी का सौर..."

 वन्संच्या घरची पिल्लं, त्यांची कसली सोयर. जिवंतपणी ज्यांचं कुणी ऐकलं नाही, त्यांच्यावर आंधळा विश्वास ठेवणारी ही एक बाई होती, आणि तिला बुडवायला त्यांचाच फोटो वापरला गेला. ती म्हणाली, आता कुणाला सांगायचं? पूर्वी जिज्जी रविवारी यायच्या. मी साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, फार वाईट झालं, ह्या बायका काळजी घेत नाहीत. ते क्रेट कुठे आहेत असं विचारलं, तर म्हणाले, पुढच्या ब्लॉकमधल्या गावांना गेलेत, कार्यक्रम फार गाजतोय.

रामकलीने जायच्या आधी एकच गोष्ट मागितली. कुंपणावरून मी पाण्याने भरलेली बादली दिली. तिने तिथे, बाहेर, मातीत उभं राहून पाय धुतले, चपलांचे तळवे घासले, हात कोपरापर्यंत धुतले, आणि बादली विसळून परत दिली. ती गेल्यावर ह्यांनी आतून विचारलं, कोण होतं? मी नळाखाली बसून वन्संचे बूट घासायला घेतले. त्या गेल्यापासून कुणीही न घातलेले, स्वच्छच असलेले बूट. घासून झाल्यावर उलटे करून भिंतीला टेकवले, त्या ठेवायच्या तसेच. फोटो पुढच्या खोलीत आहे, हार घातलेला. त्याकडे मला अजून बघवत नाही.