दोन डब्यांवर एकच नाव

परीक्षा विभागातल्या मोटीबेननी मला वाचवलं. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं सांगताना मी वाहवत जाईन आणि त्यांचं राहून जाईल. मोटीबेन हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. सुरतेत मोठ्या बहिणीला असं म्हणतात, आणि सगळी युनिव्हर्सिटी त्यांना तशीच हाक मारायची. त्या हेडक्लार्क होत्या. चष्मा दोरीला बांधलेला, खणात खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी, आणि आवाज असा की जिन्यापर्यंत ऐकू जायचा.

मी सहावीतून शाळा सोडलेली. लग्न होऊन खानदेशातून सुरतेत डिंडोलीला आले. हे लूमवर कामाला, आणि मला ओळखीनं युनिव्हर्सिटीत पाणी भरायचं, टेबलं पुसायचं काम लागलेलं. रोजमदार, म्हणजे रोजंदारीवरची. ऑर्डर थोड्या थोड्या महिन्यांची निघायची आणि ती संपत आली की मी दिवस मोजायला लागायची. पुढची निघेल की नाही हे हिशेब शाखेच्या मोठ्या साहेबांच्या शिफारशीवर. त्यामुळे ते समोरून आले की मी हातातली बादली खाली ठेवून उभी राहायची. का ते मलाही सांगता येणार नाही.

नव्वदच्या त्या दिवसांत निवडणुका आल्या आणि आमची इमारत उकळायला लागली! एरवी फायलींवर झोपणारी माणसं जिन्यात उभी राहून भांडत होती. गेटाबाहेरून झेंडे लावलेल्या रिक्षा भोंगे वाजवत जायच्या, की लगेच खिडक्यांत डोकी. हिशेब शाखा एका पक्षाची, लायब्ररी दुसऱ्या पक्षाची, हे झाडूवाल्यालाही ठाऊक. पण सरकारी पगार घेणाऱ्यांनी उघड प्रचार करायचा नाही असा नियम. म्हणून सगळं गुपचूप चालायचं आणि सगळ्यांना माहीत असायचं. फाळो, म्हणजे आपली वर्गणी, कुणी पाकिटात घालून द्यायचं, कुणी आपली स्कूटर प्रचाराला द्यायचं, कुणी कार्यकर्त्यांचं जेवण.

आम्हा रोजमदारांकडे कुणी काही मागायचं नाही. आमच्याकडे असणार काय? गावातही वर्गणी मागणारे आमचं दार सोडून पुढं जायचे.

आणि एका सकाळी हिशेबाचे मोठे साहेब माठाशी आले. मी बादली ठेवली.

"बेन, ते तुम्ही परवा मोटीबेनला खाऊ घातलंत, वांग्याचा ओळो. काय जोरदार होता! शनिवारी आमचे कार्यकर्ते फिरायला निघणार. एक मोठा डबा करा ना. तुमचा फाळो समजू."

आपलं भरीत, त्यांचा ओळो. माझ्याकडे फाळो मागितला! मी हो म्हणून मान हलवली आणि त्या दिवशी सगळे ग्लास दोन दोनदा धुतले.

दुपारी लायब्ररीचे काका आले. बारीक, पिकल्या मिशांचे, दुसऱ्या पक्षाचे पुढारी. "ताई," ते माझ्याशी मुद्दाम मराठीत बोलायचे, "शनिवारी आमची पण फेरी आहे. तुमच्या भरताची फार कीर्ती ऐकली."

त्यांनाही नाही म्हणवेना. खरं सांगायचं तर म्हणायचंच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला काही मागत होतं, आणि तेही दोन दोन पक्ष! पण संध्याकाळी शेअरच्या शटल रिक्षात बसले आणि भीतीनं घेरलं. साहेबांना कळलं तर?

घरी यांनी ऐकलं आणि घासच खाली ठेवला. "दोन्हीस्ले दिधं? येड लागनं का तुले?"

"अजून दिलं नाही."

"मग दिऊ नको."

दुसऱ्या दिवशी मी मोटीबेनना विचारलं. त्या साहेबांच्याच पक्षाच्या, वडिलांपासून. शनिवारच्या फेरीत बायकांच्या पुढं त्याच चालणार होत्या. त्यांना विचारणं धोक्याचं होतं, पण दुसरं होतं कोण? त्या शेंगदाणे चघळत हसल्या.

"अरे, इथे निम्मे लोक दोन्हीकडे देतात. फक्त बोलत नाहीत. तू पण दे, अने चूप बेस."

मग काय! माझा भाऊ भुसावळ पॅसेंजरनं गावाकडची मोठी हिरवी वांगी घेऊन आला. चाळीच्या मागे काड्या पेटवून मी ती भाजली. शेजारणी गोळा झाल्या, कुणी मिरच्या ठेचल्या, कुणी कांद्याची पात चिरली. "आमचं भरीत मत मागायला चाललं गं," असं म्हणून एकीनं तर गाणंच धरलं. शनिवारी पहाटे दोन डबे भरले. हुशारी केली होती मी. एक निळ्या फडक्यात बांधला, एक पिवळ्या. साहेबांचा माणूस सकाळी निळा घेऊन गेला, काकांचा माणूस मागच्या जिन्यानं पिवळा. कुणी कुणाला पाहिलं नाही. मला तर नाचावंसं वाटत होतं.

दुपारी मी परीक्षा विभागात टेबलं पुसत होते. मोटीबेन फेरीहून नुकत्याच आलेल्या, घामेजलेल्या. लायब्ररीचा शिपाई आला आणि रिकामा डबा त्यांच्या टेबलावर ठेवून गेला. माझं पिवळं फडकं हरवलं असावं, कारण डबा लायब्ररीवाल्यांच्या पक्षाच्या झेंड्याच्या कापडात गुंडाळलेला होता. मी तो उचलायला पुढं झाले, तेवढ्यात साहेब आत आले. स्वतः! हातात त्यांचा रिकामा डबा, तोंडभर हसू.

"बेन, पोरांनी डबा चाटून पुसून..."

ते थांबले. आधी त्यांनी झेंड्याचं कापड पाहिलं, मग डबा. मग हातातला डबा वर करून झाकण खिडकीकडे धरलं.

तेव्हा मला आठवलं. दोन्ही डबे आत्यानं लग्नात आंदण दिलेले. आणि आंदणाच्या भांड्यावर आमच्याकडे नाव घातल्याशिवाय ते घरात ठेवत नाहीत. बाजारातल्या भांडीवाल्यानं ठोकून ठोकून घातलेलं माझं नाव, वडिलांचं नाव, गावासकट, दोन्ही झाकणांवर. रोज ते झाकण घासणारी मी. ते नाव मला दिसायचंच बंद झालं होतं. फडकी वेगळी केली आणि नाव तसंच पाठवलं.

"आ शुं छे?" साहेबांचा आवाज खाली गेला. ओरडले असते तर बरं झालं असतं. "दोन्ही तुमचेच? आमचं खायचं आणि तिकडे वाढायचं?"

मी पुसायचं फडकं खाली ठेवून उभी राहिले. महिनाअखेरीला माझी ऑर्डर संपत होती. मला एवढंच दिसत होतं: डिंडोलीची खोली, यांचं एकट्याचं लूम.

"ते मी पाठवलं," मोटीबेन म्हणाल्या.

साहेब वळले. "तुम्ही?"

"हा. लायब्ररीत. माझ्याकडे एवढा मोठा डबा नव्हता, तिचा मागून घेतला. ती बिचारी काय बोलणार?"

"मोटीबेन, तुम्ही सकाळी आमच्या फेरीत पुढे चालत होता!"

"चालले ना. पाय माझे दुखताहेत. ओळो कुणालाही खाऊ घालीन, त्यात काय?"

दारात लायब्ररीचे काका उभे होते. झेंड्याचं कापड परत न्यायला आलेले. सगळं त्यांच्या कानावर पडलं होतं, आणि भरीत कुणाकडे मागितलं होतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत! मी त्यांच्याकडे पाहिलं. एक शब्द, आणि संपलं.

काकांनी मिशीवरून हात फिरवला. आत येऊन कापडाची घडी केली. मग मोटीबेनना म्हणाले, "तिखट जरा जास्त हतुं, बेन. पण जोरदार."

"पुढच्या वेळी कमी घालीन," मोटीबेन म्हणाल्या.

साहेबांनी डबा टेबलावर आपटला आणि निघून गेले.

महिनाअखेरीला माझी ऑर्डर निघाली. पण मोटीबेनना पक्षाच्या सभेत बायकांच्या पुढच्या रांगेत खुर्ची ठरलेली, ती दुसऱ्या बाईंना गेली. हिशेबवाले कित्येक दिवस त्यांच्या टेबलाशी चहाला फिरकले नाहीत, आणि जाता-येता टोमणे: "मोटीबेन, आज जेवण कुठल्या पक्षाचं?" त्या जिन्यापर्यंत ऐकू जाईल असं हसायच्या. एकदाच मी त्यांना एकटं गाठून विचारलं, का केलंत?

"अरे गांडी," त्या म्हणाल्या, म्हणजे वेडे, "माझी पेन्शन पक्की. तुझी ऑर्डर कच्ची. हिशेब एवढा सोपा आहे." आणि शेंगदाण्यांची पुडी माझ्यापुढं केली.

पुढं त्या निवृत्त झाल्या, नदीपलीकडे मुलाकडे राहायला गेल्या. निरोप समारंभात भाषणं झाली. माझ्याकडून बोलणं झालंच नाही, नुसती पाया पडले.

मोटीबेन, एक मोठा डबा मी घेऊन ठेवलाय. अजून कोरा आहे. तुमचं खरं नाव मी इथं लिहिलं नाही, ते त्या झाकणावर घालून आणणार आहे, मोठ्या अक्षरांत, तुमच्या वडिलांच्या नावासकट. गावाकडची वांगी आली की काड्यांवर भाजीन, तिखट कमी घालीन, आणि नदी ओलांडून तुमच्या दारात येईन. तुमच्या मुलासुनेसमोर, शेजाऱ्यांसमोर सांगेन, त्या शनिवारी लायब्ररीत गेलेला डबा माझा होता आणि खुर्ची तुमची गेली. एक दिवस येईन. नक्की येईन.