रिकामं ताट

विश्वकर्मा पूजेच्या दिवशी ठवकरकाका पंगतीत एक ताट रिकामं मांडत. पाट, पाण्याचा पेला, कडेला मीठ. फक्त माणूस नसे. ते ताट असे त्यांचा पाना तोडून दाखवणाऱ्यासाठी.

रायपूरला लागून असलेल्या बीरगांवात एका पत्र्याच्या शेडमध्ये काका सायकल दुरुस्तीचे पाने बनवत. विकताना म्हणत, "तुटला तर नवा देईन, अन् वरून जेवू घालीन." वर्षानुवर्षं जेवायला कोणी आलं नाही. काकांना त्याचा अभिमान होता. काकूंना नव्हता. "मजबूत माल करून राहिले, अन् गिऱ्हाईक जन्मात एकदाच येऊन राहिलं," त्या म्हणत. गोल बाजारातला दुकानदारही हात जोडी, "अंकल, आपका पाना मरता ही नहीं. दूसरा कौन लेगा?"

शेडमागच्या खोलीत मी कॉलेजची वर्षं काढली. डोंगरगडच्या शाळेतून आलो होतो. आमच्या घरात पदवीच्या वाटेला गेलेला मी पहिला. पहिल्याच वर्षी इंग्रजीत नापास झालो आणि ट्रंक भरायला घेतली. काकांनी ट्रंकेवर बसून बिडी पेटवली. "लोखंड पहिल्या घावात पाना होत असते का रे पोट्ट्या? पुन्हा भट्टीत जा." बिडी संपली तरी ते उठले नाहीत, म्हणून मी राहिलो.

मग रायपूर राजधानी झालं. रस्ते रुंद झाले, घरोघरी मोटारसायकली आल्या आणि सायकलींचे पाने दुकानांतच पडून राहू लागले. काकूंनी काकांना माल थोडा कच्चा करायला सांगितलं. काकांनी तसा प्रयत्न मनापासून केला. मुद्दाम बिघडवलेला पाना त्यांनी दगडावर आपटला, दगड फुटला. "हात ऐकत नाही," ते ओशाळून म्हणाले. शेवटी ठरलं, पूजा झाली की दुसऱ्या दिवशी घणाची मशीन विकायची आणि नागपूरला काकूंच्या भावाकडे जायचं.

त्या पूजेला काका मशीनला हार घालताना कुणाशी बोलत नव्हते. पंगत बसणार, तेवढ्यात अभनपूरकडचा एक शेतकरी दारात येऊन उभा राहिला. रागावतील या भीतीनं त्यानं हात पाठीमागे धरले होते.

"पाना टूटगे, कका."

काकांनी दोन तुकडे हातात घेतले आणि धावत अंगणात गेले. "तुटला हो, तुटला!" शेजारीण कपाळाला हात लावत आली, तर काका तिला गूळ देत होते. "मुलगा झाला का?" तिनं काकूंना विचारलं. "त्याहून मोठं," काकू म्हणाल्या, "पाना मेला."

पाहुण्याला पाटावर बसवलं, वरण-भातावर तूप वाढलं. काकांनी जवळ बसून विचारलं, "क्या कर रहे थे, भैया?"

"ट्रैक्टर के नट खोलत रहेंव. पाइप फँसा के जोर लगा देंव."

"सायकल का पाना ट्रैक्टर को?"

"मजबूत हे, त सबो म लगाथन. हमर पारा म सब्बो झन."

म्हणजे त्याच्या वस्तीत सगळेच काकांचा सायकलचा पाना ट्रॅक्टरला लावत होते. काकांनी पाहुण्याचं जेवण थांबवून नटाचं माप विचारलं आणि काकूंच्या रांगोळीनं जमिनीवर हातभर लांबीचा पाना काढला. दुसऱ्या दिवशी मशीन न्यायला माणूस आला, तेव्हा मशीन चालू होती. काका त्याला म्हणाले, "चहा घ्या, अन् एक पाना घेऊन जा."

ट्रॅक्टरच्या पान्यांवर काकांनी पक्कं घर बांधलं. तो पानाही कधी तुटला नाही. पण ट्रॅक्टर वाढत गेले, म्हणून काकूंनी मजबूत मालावरून बोलणं सोडलं.

काका गेले त्या वर्षीही काकूंनी पूजेला ताट मांडलं. मी ऑफिसातून रजा घेऊन गेलो होतो. रिकामा पाट पाहिला आणि मला रडू आवरेना. काकूंनी ते ताट माझ्यापुढं सरकवलं आणि भात वाढला.

"रडून काहून राहिला? त्याइच्याच भट्टीतून निघाला नं तू? मंग गॅरंटी हाये अजून. बस जेवाले."