टँगोचा अर्थ

कांदा परतल्याचा वास आला की मला अमेरिकेतल्या सनीव्हेलमधलं आमचं पहिलं अपार्टमेंट आठवतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नवरा ऑफिसातून आणलेली टँगो गाण्यांची कॅसेट रोज लावायचा आणि सोबत गुणगुणायचा. मला स्पॅनिश कळत नव्हतं, पण गाणाऱ्याचा आवाज इतका आर्जवी होता की ते माझ्यासाठीच लावलंय असं मी धरून चालले होते. एका दुपारी खालच्या मजल्यावरची अर्जेंटिनाची बाई आपल्याकडची भाजी शिकायला आली. मी कांदा परतत होते, कॅसेट चालू होती. ऐकता ऐकता ती कढईकडून कॅसेटकडे वळली. "काय म्हणतोय गं तो?" मी विचारलं. "म्हणतोय, घरी बायको जेवायची थांबलीय, पण माझा जीव तुझ्या दारात अडकलाय," ती हळूच म्हणाली. संध्याकाळी नवरा आल्यावर मी विचारलं, "कॅसेट कुणी दिली तुला?" "ऑफिसमधल्या एकीने." "गाण्याचा अर्थ माहितीय?" बुटाची नाडी सोडता सोडता तो म्हणाला, "हो, तिनेच सांगितला." पुढच्या महिन्यात मी देशाच्या दुसऱ्या टोकाला, पिस्कॅटवेला भावाकडे निघून गेले, ती कायमचीच. अजूनही वाटतं, निदान खोटं बोलण्याइतकी तरी त्याने माझी पर्वा करायला हवी होती.