सासूबाई, तुमचं बीपी तपासून घ्या!

लग्नकार्यात कुणी "तुम्ही काय करता?" असं विचारलं की मी "हॉस्पिटलमध्ये समुपदेशक आहे" एवढंच सांगते. "कसलं समुपदेशन?" असा पुढचा प्रश्न आलाच तर "कुटुंब नियोजन" म्हणते, आणि समोरचा माणूस एकदम बुफेच्या दिशेने बघायला लागतो. पण जेवणं झाली की त्याच्याच घरातली कुणीतरी हात धुताना हळूच माझ्या शेजारी येऊन उभी राहते. कल्याणच्या हॉस्पिटलातली माझी खोली असो नाहीतर मंगल कार्यालयाचं बेसिन, किस्से असे साठतच जातात. सगळे सांगण्यासारखे नसतात. हे आहेत. नावं अर्थातच बदलली आहेत.

*

माझ्या खोलीत सून सहसा एकटी येत नाही. सासू खुर्चीत बसते, सून मागे उभी राहते. मी सुनेला विचारते, "दुसरं मूल कधी हवंय?" आणि उत्तर सासू देते!

यावर मी एक युक्ती काढली. चेहरा जरा काळजीचा करायचा आणि म्हणायचं, "सासूबाई, दमलेल्या दिसता. तुमचं बीपी तपासून घ्या ना." बीपी तपासायला आमच्या जाधव सिस्टर बसतात, कॉरिडॉरच्या पार दुसऱ्या टोकाला. त्यांना मी सांगून ठेवलंय, "सावकाश तपासा." त्या इतक्या सावकाश तपासतात की तेवढ्यात सुनेचं बोलून, रडून आणि डोळे पुसून होतं.

वैशाली अशीच आली, सासूच्या, म्हणजे सुलोचनाकाकूंच्या मागून. कडेवर काही महिन्यांची मुलगी. बाळंतपणात खूप रक्त गेलेलं, बाहेरून चढवावं लागलेलं. तीन वर्षं तरी दुसरं मूल नको, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं. इकडे घरी सासऱ्यांनी नातवाचं नावसुद्धा ठरवून ठेवलेलं! नवरा म्हणायचा, "बाबांना कोण सांगणार?"

काकू बीपीला गेल्या आणि वैशाली बोलायला लागली. "ताई, परत तसं झालं तर मी नाही वाचणार. असं काहीतरी द्या, जे घरात ठेवावं लागणार नाही."

मी तिच्यापुढे सगळे पर्याय मांडले. तिने दर तीन महिन्यांनी घ्यायची सुई निवडली, आणि डॉक्टरांनी तपासून ती दिली. "पाळी मागेपुढे होईल, कधी थांबेलही. घाबरायचं नाही. पण तारीख चुकवायची नाही," मी बजावलं.

"घरी काय सांगू?"

"ते तू ठरव."

"ताकदीची सुई आहे म्हणते," ती म्हणाली. मला आलेलं हसू अर्ध्यावरच थांबलं. कारण दारात काकू येऊन उभ्या होत्या. "माझं बीपी एकदम नॉर्मल आहे हो!"

*

आमच्याकडे भिंतीवर निरोधचा डबा असतो. फुकट. कुणाला विचारायचं नाही, हात घालायचा आणि घ्यायचं. फक्त तो लावला होता केसपेपरच्या खिडकीशेजारी, म्हणजे अख्ख्या रांगेच्या डोळ्यांसमोर! डबा कायम भरलेला.

शेवटी आमच्या वॉर्डबॉय म्हात्रेकाकांनी तो जिन्याखाली नेला. तिथला दिवा कधीचा गेलेला. आठवड्याभरात डबा रिकामा! मग साहेबांच्या राउंडमध्ये तो अंधार कुणाच्या तरी नजरेला आला, नवाकोरा एलईडी बल्ब लागला, आणि डबा पुन्हा भरलेलाच राहायला लागला.

एक दिवस बघते तर डबा रिकामा आणि दिवा बंद.

"काका, बल्ब परत गेला?"

"गेला नाय मॅडम, मीच जरासा फिरवून ठेवलाय."

त्या बंद दिव्याची तक्रार आजपर्यंत कुणीही केलेली नाही!

*

शीळफाट्याजवळ राहणारी कविता एका मॉलमध्ये हाउसकीपिंगला आहे. ती तांबी बसवायला तयार झाली. तांबी म्हणजे कॉपर-टी. ती गर्भाशयातच राहते, वर छातीत वगैरे जात नाही, आणि नको झाली की काढून मिळते, हे सगळं तिला पटलं. पण गाडी भलतीकडेच अडली.

"मॅडम, कामावर जाताना रोज त्या मशीनच्या दारातून जायला लागतं. ही तांब्याची ना? वाजली तर सिक्युरिटीवाल्याला काय सांगू?"

"नाही वाजत," डॉक्टर म्हणाल्या. तरी तिच्या चेहऱ्यावरची शंका काही गेली नाही.

महिन्याभराने ती तपासणीला आली. "मॅडम, तांबी नाय वाजली. पण एक दिवस मशीन वाजलं ना! मी एवढी घाबरली, की त्यांनी विचारायच्या आधीच म्हटलं, डॉक्टरांनी बसवलीये!"

"मग?"

"मग काय, त्याने माझी पिशवी उघडली. स्टीलचा डबा होता, भेंडीची भाजी!"

*

नसबंदीची चौकशी करायला आलेला एकही पुरुष मी स्वतःसाठी आलेला पाहिलेला नाही. सगळे मित्रासाठी येतात. स्टँडवरचा एक रिक्षावाला, संतोष, असाच आला. "मित्राला विचारायचंय, नंतर रिक्षा चालवता येते का?" मी म्हटलं, "येते की. मित्रालाच घेऊन या."

दुसऱ्या दिवशी दोघे आले. दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवलं!

शेवटी संतोषने करून घेतली. अगदी छोटं काम, त्याच दिवशी घरी. "दोन दिवस आराम करा, आठवडाभर जड उचलू नका. आणि तीन महिने निरोध वापरायचा, मग तपासणी करायची. तोपर्यंत भरवसा धरू नका," एवढं आम्ही सांगितलं. आराम हा शब्द तेवढा त्याच्या आईने ऐकला. तिने त्याला पलंगावर निजवलं, डोक्याला फडकं बांधलं आणि डिंकाचे लाडू वळायला घेतले. चाळीतल्या बायका बघायला येऊन गेल्या.

पुढच्या तपासणीला त्याची बायको सोबत आली होती. मी विचारलं, "काही त्रास?"

"त्यांना काय त्रास? पण मॅडम, माझ्या दोन बाळंतपणांत मिळून मला एवढे लाडू नाय मिळाले!"

*

वैशाली दर तारखेला येत राहिली आणि दर वेळी सोबत काकू. वैशालीला एकदा ताप होता, तर काकू तिला रिक्षात घालून घेऊन आल्या. "तारीख आहे ना हिची!" मग बीपी. मग "ताकद येतेय ना हिला?" मी नुसती मान हलवायची.

मध्येच एकदा वैशाली रडवेली होऊन आली. सासरे म्हणत होते, वर्ष होऊन गेलं, काही नाही, ठाण्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवू. ठाण्याच्या डॉक्टरांनी त्या सासऱ्यांसमोरच विचारलं असतं, काही घेताय का? त्या रात्री मलाही झोप लागली नाही. तिची सुई बंद झाली असती, आणि पुढे काय, याचा विचारही करवत नव्हता.

पण ते ठाणं काही झालं नाही. "आईंनीच थांबवलं," वैशालीने नंतर सांगितलं. "म्हणाल्या, आधी हिच्या अंगात ताकद भरू दे."

"सासू भोळी आहे म्हणून वाचलीस गं," मी म्हटलं.

*

घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरच्या महिला मंडळाने मला रविवारी बोलायला बोलावलं. क्लबहाउस सगळ्यात वरच्या मजल्यावर. मी बोलले. "काही प्रश्न?" म्हणून विचारलं. "आमच्याकडे सगळ्यांना माहितीच असतं हो," सेक्रेटरीबाई म्हणाल्या आणि कॉफी आली.

निघाले. लिफ्टचं दार बंद होता होता एक जण आत शिरली. "ती दुसऱ्या दिवशीची गोळी दर महिन्याला घेतली तर चालेल?" मी म्हटलं, "ती अडीअडचणीला. नेहमीसाठी दुसरे पर्याय आहेत, ते सांगते." ती उतरली तोच दुसरी चढली. तिने वरचं बटण दाबलं. मग तिसरी. खालून वॉचमनने इंटरकॉमवर विचारलं, "लिफ्ट बिघडली का?"

अखेर तळमजला आला. सेक्रेटरीबाई स्वतः सोडायला खाली येऊन थांबल्या होत्या. दार उघडलं, त्यांनी हसून निरोप घेतला, आणि मी पाऊल बाहेर टाकायच्या आधीच त्यांनी आत शिरून पुन्हा वरचं बटण दाबलं. "तेवढ्यात एक विचारू?"

*

आणि गेल्या महिन्यात सुलोचनाकाकू आल्या. वैशालीची तारीख नव्हती. सोबत धाकटी सून होती, नुकतंच लग्न झालेली, हातात अजून हिरव्या बांगड्या.

"हिलाही सुई द्या," काकू म्हणाल्या. "मोठीला देता ती."

ताकदीची म्हणून या पोरीला कशी द्यायची? आणि नाही म्हणायचं तर कारण काय सांगायचं?

"काकू, कुणाला काय देतो ते आम्ही दुसऱ्या कुणाला सांगत नाही," मी कसंबसं म्हटलं.

"नका सांगू. मी कुठे विचारलं?" काकूंनी धाकटीला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. "हिची शेवटच्या वर्षाची परीक्षा आहे. आणि आमच्या ह्यांनी आतापासून पाळण्याच्या गोष्टी सुरू केल्यात. सुई असू दे नाहीतर गोळी, हिला काय हवं ते हिलाच विचारा."

काकूंनी पिशवी उचलली.

"मी जाते तिकडे बीपीला," त्या दारातून वळून म्हणाल्या. "आणि सिस्टरना सांगून ठेवा. सावकाश तपासा म्हणावं!"